खान्देशच्या काठावर: पाटणादेवीच्या खोऱ्यातून कान्हेरगडाच्या माथ्यापर्यंत

चाळीसगावातून दक्षिणेकडे निघालं की शेतांच्या पलीकडे एक निळसर भिंत दिसायला लागते. पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत सरळ, जणू कुणी पट्टी लावून आखलेली. ही सातमाळ्याची रांग, पुढे अजिंठ्याच्या डोंगरांना मिळणारी. तिच्या अलीकडे आपला खान्देश आणि पलीकडे, वरच्या अंगाला, मराठवाडा. आमच्याकडची जुनी माणसं पलीकडच्या गावाला गेलेल्याला "तो घाटावर गेला" असं म्हणतात. लहानपणी मला वाटायचं की घाट म्हणजे वळणांचा रस्ता. कान्हेरगडावर पहिल्यांदा चढले तेव्हा कळलं, घाट म्हणजे काठ. खान्देश जिथे संपतो ती कडा.

समुद्र बघायला आपल्याला रात्रभराचा प्रवास करावा लागतो. पण काठावर उभं राहून खाली पसरलेलं अफाट सपाट बघण्याचा आनंद हवा असेल तर तो चाळीसगावपासून अठरा किलोमीटरवर आहे, तोही अभयारण्यात. शाळेच्या सहलीपासून आजवर मी तिथे कितीतरी वेळा गेले. सासूबाईंना घेऊन गेले, भाचरांना घेऊन गेले, भर पावसात गेले आणि एकदा चांगलीच अडकले. नव्याने जाणाऱ्याला काय माहीत असायला हवं, ते सगळं इथे सांगते.

आधी नकाशा डोक्यात बसवा

पाटणादेवीला जाणारे बरेच लोक देवीचं दर्शन घेतात, ओढ्यात पाय बुडवतात आणि परततात. त्यात वाईट काही नाही, पण खोरं बघायचं राहून जातं. म्हणून निघण्याआधी एवढं ध्यानात घ्या. डोंगराची भिंत एका ठिकाणी आत वळली आहे आणि तिथे घोड्याच्या नालासारखं खोरं तयार झालं आहे. खोऱ्याच्या आत चंडिकादेवीचं देऊळ, म्हणजे आपली पाटणादेवी. खोऱ्याच्या तोंडाशी जुनं हेमाडपंती महादेव मंदिर आणि त्याच्या पाठीशी उभा कान्हेरगड. आतल्या बाजूला धवलतीर्थ आणि केदारकुंड हे धबधबे. वरच्या कड्यात पितळखोऱ्याची लेणी. तिथवर गाडीने जायचं तर कन्नडचा घाट चढून पलीकडून वळसा घालावा लागतो.

हा सगळा भाग गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर, आणि ते जळगाव व छत्रपती संभाजीनगर अशा दोन जिल्ह्यांत पसरलेलं आहे. नावातला औट्रम म्हणजे जेम्स औट्रम, ज्याने १८२५ साली खान्देशात भिल्ल पलटण उभी केली तो इंग्रज अधिकारी. कन्नडच्या घाटाला त्याचं नाव पडलं.

एक घोटाळा नेहमी होतो. नाशिक जिल्ह्यात सप्तशृंगीजवळ दुसरा कण्हेरगड आहे, रामजी पांगेऱ्यांच्या पराक्रमाचा. फोनवर नुसतं गडाचं नाव टाकलं तर गाडी तिकडे नेईल. म्हणून "पाटणादेवी" असंच शोधा.

कधी जावं

माझं मत विचाराल तर ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते डिसेंबर. पावसाचं पाणी अजून ओढ्यात असतं, गवत सोनेरी व्हायला लागलेलं असतं, हवा धुऊन निघाल्यामुळे लांबचं स्पष्ट दिसतं आणि वाटेवर सीताफळांची झाडं लगडलेली असतात. ती तोडू नका. अभयारण्यातलं फळ पाखरांचं आणि माकडांचं. खायची असतील तर चाळीसगावच्या बाजारात तेव्हा टोपल्याच्या टोपल्या असतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो. तेव्हा डोंगर उघडाबोडका असतो, पण खडकांचे थर स्पष्ट दिसतात आणि कांडोळाची पांढरी खोडं उन्हात चमकतात. एप्रिल-मे मात्र सोडून द्या. खान्देशच्या उन्हाबद्दल खान्देशी माणसाला मी काय सांगणार! खडक इतका तापतो की पायऱ्यांना हात लावता येत नाही.

जुलै ते सप्टेंबर सगळं हिरवंगार, धबधबे सुरू, आणि गर्दीही तेव्हाच सगळ्यात जास्त. जायला हरकत नाही, पण पावसाळ्याबद्दल मी पुढे सविस्तर लिहिलं आहे, ते वाचल्याशिवाय निघू नका. नवरात्रात आणि चैत्रात देवीला भाविकांची रीघ असते. दर्शनासाठी जायचं असेल तर अवश्य जा. गड चढायचा असेल तर ते दिवस टाळा, कारण गाडी लावायलाच अर्धी सकाळ जाते.

पोहोचायचं कसं

चाळीसगाव मुंबई-भुसावळ लोहमार्गावर आहे आणि धुळ्याकडची शाखाही इथूनच फुटते, त्यामुळे रेल्वेने येणं सगळ्यात सोयीचं. जळगाव, पाचोरा, मनमाड, नाशिक इथून आदल्या संध्याकाळी येऊन मुक्काम केला तर सकाळ हाताशी राहते. स्टेशनाबाहेरून रिक्षा किंवा छोटी गाडी दिवसभरासाठी ठरवा. परतीचं आधीच बोलून ठेवा. खोऱ्यात फोनला रेंज मिळेल असं धरून चालू नका, त्यामुळे "झालं की फोन करतो" असं ड्रायव्हरला सांगण्यात अर्थ नाही. "साडेअकराला महादेवाच्या देवळापाशी" असं ठिकाण आणि वेळ ठरवून घ्या.

स्वतःची दुचाकी असेल तर उत्तम. पेट्रोल चाळीसगावातच भरा. शौचाचं, लघवीचं, विशेषतः बायकांनी, शहरातच उरकून घ्या, पुढे सोय मिळेलच असं नाही. वननाक्यावर थांबून नोंद करा, शुल्क भरा आणि पावती खिशात ठेवा. नोंद करताना "कान्हेरगडावर जातोय, इतके जण आहोत" असं तोंडी सांगा. कुणी परत आलं नाही तर शोधायला सुरुवात कुठून करायची, हे त्या एका वाक्यातून कळतं.

पिशवीत काय हवं

पाणी. माणशी दोन लिटर, आणि ते खालूनच. गडावर खडकात खोदलेली टाकी आहेत, पण त्यातलं पाणी पिण्यासारखं नसतं. मुलं असतील तर लिंबू-मीठ-साखरेची एक वेगळी बाटली. पायात बूट हवेत, चपला नकोत. फुरसं हा साप इथल्या कोरड्या दगडगोट्यांत असतो आणि तो अंगाच्या रंगामुळे दिसत नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पायघोळ विजार घाला, काट्यांसाठीही आणि कुसळांसाठीही. टोपी, विजेरी, पट्टी-मलम, एक लांब काठी. काठी हवीच. चढताना आधार होतो, गवतात पुढे आपटत गेलं की साप वाट सोडतो, आणि तिचा आणखी एक उपयोग पुढे येणार आहे.

जेवणासाठी मी कळण्याची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा नेते. कळण्याची भाकरी दुपारपर्यंत वातड होत नाही आणि दोन भाकरींवर माणूस संध्याकाळपर्यंत चालतो. वेफर्सची पाकिटं नेऊ नका. माकडांना पाकिटाचा आवाज ओळखू येतो, आणि एकदा ती मागे लागली की लहान मुलं घाबरतात.

अत्तर, सेंट, सुवासिक तेल लावून जाऊ नका. कड्यांवर आग्या मोहोळं असतात. वास, धूर आणि आरडाओरडा या तिन्हींनी ती उठतात. कड्याखाली उदबत्ती लावणं, शेकोटी करणं, ढोल वाजवणं हे सगळं अंगाशी येऊ शकतं. माश्या उठल्याच तर हात झटकू नका. तोंड-डोकं कापडाने झाकून घ्या आणि कड्यापासून लांब पळत सुटा.

सुरुवात महादेवाच्या देवळापासून

सकाळी सातच्या आत देवळापाशी पोहोचा. देऊळ उंच जोत्यावर आहे, बाहेरच्या भिंती कोनाकोनात दुमडत गेलेल्या, त्यामुळे तिरपं ऊन आलं की अर्ध्या भिंती उजळतात आणि अर्ध्या काळ्याच राहतात. बाराव्या शतकात इथे निकुंभ घराण्याचं राज्य होतं आणि इथल्या शके १०७५ च्या, म्हणजे ११५३ सालच्या, शिलालेखात त्या घराण्याची हकिकत आली आहे. इंद्रराजाने देऊळ बांधायला घेतलं आणि त्याच्या मागे राणी श्रीदेवीने मुलगा लहान असताना राज्य सांभाळलं.

पाटणचा दुसरा शिलालेख याहून प्रसिद्ध. शके ११२८ चा उल्लेख असलेला हा लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी जगासमोर आणला. त्यात लिहिलं आहे की गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या सिद्धांतशिरोमणी आणि इतर ग्रंथांच्या अभ्यासासाठी इथे मठ काढला आणि निकुंभ राजा सोइदेवाने त्याला दान दिलं. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी या रानाच्या तोंडाशी गणिताची शाळा होती. लेख संस्कृतात सुरू होतो आणि शेवटी मराठीत येतो: "इयां पाटणीं जें केणें उघटे..." या पाटणच्या बाजारात जो माल विकायला उघडेल, त्यावरचं येणं मठाला द्यावं, अशा अर्थाचा तो मजकूर आहे. दानाचं गुणगान संस्कृतात, पण पैसे कुणी कुणाला द्यायचे हे बाजारातल्या माणसाला कळायला हवं म्हणून मराठीत. हे वाचलं तेव्हा मला फार आपलंसं वाटलं होतं. केणें म्हणजे विक्रीचा माल.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. गावाचं नाव विज्जडविड. ते हेच पाटण, असं आम्ही चाळीसगावकर मानतो. विद्वानांत त्याबद्दल एकमत नाही, पण नातवाचा मठ इथे होता यात शंका नाही.

आता त्या काठीचा उपयोग. मुलं बरोबर असतील तर देवळासमोरच्या सपाटीवर काठी उभी धरायला लावा आणि तिची सावली मोजा. लीलावतीत छायाव्यवहार नावाचं प्रकरणच आहे, सावलीवरून उंची काढण्याचं. माझ्या भाचीने चार हातांची काठी धरली, सावली आठ हात भरली. मग जवळच्या झाडाची सावली तिने पावलं टाकत, पुन्हा पुन्हा चुकत मोजली. चोवीस हात. "म्हणजे झाड बारा हात!" असं ती ओरडली आणि झाडाकडे असं बघितलं की जणू झाडाने तिला स्वतःहून उंची सांगितली. वर्गात हेच गणित तिने कंटाळून सोडवलेलं होतं. हे सकाळी किंवा उतरल्यावर करा, भर दुपारी सावल्या आखूड असतात.

चढ

वाट देवळाच्या मागच्या बाजूने चढते. सुरुवात झाडीतून. साग, धावडा, सालई, अंजन, मधे मधे तेंदू. पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढं असतं आणि गुरांच्या वाटांनी मुख्य वाट फुटल्यासारखी वाटते. खरी वाट ओळखायची साधी खूण म्हणजे ती दगडावरून चालून चालून गुळगुळीत झालेली असते. गुरांची वाट मऊ मातीतून जाते. पहिल्यांदाच जात असाल तर पाटणा गावातला वाटाड्या घ्या. त्याची मजुरी आधीच ठरवा आणि घासाघीस करू नका. तो नुसती वाट दाखवत नाही, झाडं दाखवतो, खुणा दाखवतो, आणि मुख्य म्हणजे आभाळ वाचतो.

अर्ध्या उंचीवर खडकात कोरलेली लेणी लागतात. एकाला नागार्जुन कोठडी म्हणतात, दुसरी सीतेची न्हाणी. नागार्जुन कोठडीत तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत, ही जैन लेणी. आत शिरण्याआधी बाहेर दोन मिनिटं थांबा. डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या, विजेरी वरच्या कोपऱ्यांकडे मारा, मोहोळ किंवा वटवाघळं आहेत का बघा आणि मगच पाय टाका. मूर्तींना हात लावू नका, शेंदूर-खडू काहीही नको. आत थंडगार असतं. घामेजलेल्या अंगाने बसलं की उठवत नाही, तरी दहा मिनिटांच्या वर थांबू नका, कारण पुढचा चढ ऊन चढायच्या आत व्हायला हवा.

ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी इथूनच परतावं. सासूबाई इथपर्यंत आल्या होत्या. लेण्याच्या तोंडाशी पदर पसरून बसल्या आणि म्हणाल्या, "मला इथून जेवढं दिसतंय तेवढं पुरे, तुम्ही जाऊन या." त्यांच्यापाशी एक मोठं माणूस ठेवून आम्ही पुढे गेलो. एकट्याला मागे ठेवू नका, वाघराचं रान आहे. बिबट्या, अस्वल, तरस, रानडुक्कर इथे आहेत, आणि २०२१ साली तर विदर्भातल्या टिपेश्वरहून एक वाघ शेकडो किलोमीटर चालत या अभयारण्यात आला होता. दिवसा, बोलत-चालत जाणाऱ्या माणसांच्या वाटेला जनावर सहसा जात नाही. पहाटेच्या अंधारात आणि संध्याकाळी साडेपाचनंतर मात्र रानात राहू नये.

लेण्यांच्या पुढे चढ अंगावर येतो. खडकात खोदलेल्या पायऱ्या आहेत, काही झिजलेल्या, काही मुरमाने भरलेल्या. इथे एक नियम पाळा. दोघांमध्ये दहा पावलांचं अंतर, म्हणजे वरच्याच्या पायाने निसटलेला दगड खालच्याच्या डोक्यात बसत नाही. हात टेकवायच्या आधी कपारीत बघा. मुरमावर पूर्ण तळवा टेकवून चाला. रमतगमत गेलं तरी देवळापासून माथ्यापर्यंत सव्वा ते दीड तास लागतो.

माथ्यावर, आणि तिथून काय बघायचं

माथा बऱ्यापैकी सपाट, गवताळ. पाण्याची टाकी दिसली की समजायचं पोहोचलो. टाक्यांच्या कडा शेवाळलेल्या असतात, मुलांना हाताला धरा. कड्याच्या टोकापासून निदान चार-पाच पावलं आत राहा, कारण काठावरची माती खालून पोकळ असते, वरून कळत नाही. सेल्फीसाठी पाठ कड्याकडे करून मागे सरकू नका. ज्याला फोटो हवा त्याने खाली बसून काढावा.

आधी उत्तरेकडे तोंड करून बसा. सूर्य पाठीशी राहतो, डोळे दिपत नाहीत, फोटोही चांगले येतात. पायाशी खोऱ्याचं तोंड, मग रान विरळ होत जातं आणि शेतं सुरू होतात. कपाशीचे हिरवे-तपकिरी तुकडे, मधेच उसाचा गडद चौकोन, शेततळ्याचा चमकता ठिपका. त्यापुढे धुरकट पट्ट्यात चाळीसगाव. आणि मग नुसतं सपाट, ते पार आभाळाला टेकेपर्यंत. सकाळी खाली धुकं असलं तर शेतं दिसत नाहीत, पांढरं सपाट तेवढं दिसतं, त्यातून झाडांचे शेंडे वर आलेले. तेव्हा खरोखर वाटतं की आपण किनाऱ्यावर आहोत आणि समोर भरती आली आहे.

आता मागे वळून दक्षिणेकडे बघा. कड्याची भिंत आडव्या थरांची दिसेल, काळा कातळ, मग गवताची पट्टी, पुन्हा काळा कातळ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थरांवर थर पसरत गेला, त्याचे हे थर. कठीण थराचे कडे झाले, मऊ थर झिजून तिथे माती आणि गवत आलं. थर मोजायला लागा. मुलं हे फार आवडीने करतात आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो.

या भिंतीच्या माथ्यावर पाणी वाटलं जातं. माथ्याच्या अलीकडे पडलेला थेंब डोंगरी नदीत, तिथून तितूरला, गिरणेला, मग तापीला मिळून सुरतेजवळ अरबी समुद्रात जातो. पलीकडे काही हातांवर पडलेला थेंब शिवना नदीतून गोदावरीत उतरतो आणि सगळा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळतो. पावसाची एकच सर दोन समुद्रांना वाटली जाते, आणि तो वाटा इथे होतो. मी दरवेळी कुणाला ना कुणाला हे सांगतेच.

घाई करू नका. माथ्यावर निदान पाऊण तास बसा. वाऱ्यावर तरंगणारे शिकारी पक्षी आपल्या डोळ्यांच्या खालून जातात, त्यांची पाठ दिसते. मोरांची हाक खोऱ्यातून वर येते. साडेनऊ-दहाला उतरायला लागा. उतरताना गुडघ्यांवर भार येतो, काठी पुढे टेकवत, तिरपं तिरपं उतरा.

पावसाळ्यात ओढा

उतरल्यावर धवलतीर्थ किंवा केदारकुंडाकडे जायचा मोह सगळ्यांनाच होतो. पाणी असताना ती ठिकाणं देखणीच आहेत. पण वाटेत ओढे ओलांडावे लागतात आणि इथेच माणसं फसतात.

एका ऑगस्टमध्ये आम्ही सहा जण सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून पलीकडे गेलो. आमच्या डोक्यावर ऊन होतं. दुपारी परत आलो तर पाणी पोटरीएवढं आणि चहाच्या रंगाचं. मी म्हणाले, पटकन हात धरून निघू. पलीकडच्या काठावर गुरं घेऊन थांबलेल्या म्हाताऱ्या बाबांनी काठी आडवी धरली आणि ओरडले, "ताई, आठेच थांबा! वर पानी पडनं, आते नाला येस." आम्ही थांबलो. आधी पाला आणि काटक्या वाहत आल्या, मग फेस, मग एक घरघर. पाच-सात मिनिटांत ओढा छातीएवढा झाला. आम्ही तीन तास पलीकडे बसून होतो आणि मी तो रंग आजही विसरलेले नाही.

कारण साधं आहे. पाऊस वर घाटमाथ्यावर पडतो, उघड्या कातळावरून पाणी मुरत नाही, थेट खाली येतं. खाली ऊन असलं तरी पूर येतो. ३१ ऑगस्ट २०२१ ला अशाच पावसाने कन्नडच्या घाटात दरडी कोसळल्या आणि तितूर-डोंगरीचं पाणी चाळीसगावात शिरलं. म्हणून पावसाळ्यात हे पाळा: पाणी गढूळ झालं, पाला-काटक्या यायला लागल्या, पाण्याचा आवाज बदलला, यांतलं एक जरी दिसलं तरी ओढ्यात पाय घालू नका. पलीकडे अडकलात तर उंच जागी बसून राहा. पाणी जसं चढतं तसंच काही तासांत उतरतं. धबधब्याच्या थेट खाली उभं राहू नका, पाण्याबरोबर दगड येतात. कुंडात उतरू नका, तळ दिसत नाही. आणि घाटावर काळं आभाळ असेल तर त्या दिवशी देवीचं दर्शन घ्या आणि घरी जा.

वरचा काठ: पितळखोरा

ज्यांना गड चढणं जमणार नाही त्यांनी वरून यावं. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून पितळखोऱ्याच्या रस्त्याला लागायचं, गाडी पठारावर जाते. वरच्या काठावरूनच पाटणादेवीचं सगळं खोरं पायाखाली दिसतं. लेणी बघायची तर शेकडो पायऱ्या उतराव्या लागतात, आणि तेवढ्याच चढाव्या लागतात, हे विसरू नका.

उतरलात तर मात्र वेळ सार्थकी लागतो. इसवी सनापूर्वीची, दोन हजार वर्षांहून जुनी बौद्ध लेणी. विहाराच्या जोत्याशी हत्तींची रांग आहे, आणि पायऱ्यांच्या बाजूला नागाचा फणा कोरला आहे, ज्याच्या तोंडांतून पन्हळीचं पाणी पडावं अशी योजना होती. दान देणाऱ्यांमध्ये पैठणच्या एका गंध्याचं कुटुंब आहे, राजवैद्य मगिल आहे. इथेच सापडलेल्या यक्षाच्या हातावर तो घडवणाऱ्या कण्हदास सोनाराचं नाव आहे. ती मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सोनाराने दगड घडवला, म्हणून यक्षाच्या चेहऱ्यावरचं हसू दागिन्यासारखं नाजूक उतरलं असावं, असं मला आपलं वाटतं.

पाटणादेवीकडून खोऱ्यातून चढून इथे येणारी पायवाटही आहे. वाटाड्या आणि वनखात्याची परवानगी असल्याशिवाय तिला हात घालू नका, आणि पावसाळ्यात तर नाहीच. एका दिवसात दोन्ही करायचं तर सकाळी गड, दुपारी गाडीने घाट, चारच्या सुमाराला वरचा काठ, हा क्रम ठेवा. उलटा क्रम केला तर भर उन्हात चढ वाट्याला येतो.

परतताना

भाकरी देवळाजवळच्या सावलीत खा, उरलेलं सगळं, सालंसुद्धा, पिशवीत परत न्या. उन्हाळ्याच्या तोंडाला काडी, विडी काहीही पेटवू नका. वाळलेल्या कुसळी गवताला एक ठिणगी पुरते आणि वणवा डोंगरभर फिरतो. नाक्यावर परत आल्याचं सांगा. संध्याकाळी चाळीसगावात वेळ उरला तर केकी मूस यांच्या घरातलं संग्रहालय उघडं आहे का, चौकशी करा. १९८९ साली वारलेल्या या छायाचित्रकाराने घराबाहेर फारसं न पडता, टेबलावर मांडलेल्या वस्तूंतून बर्फाळ डोंगर आणि वादळं टिपली. दिवसभर खरा डोंगर बघून झाल्यावर ते फोटो वेगळेच दिसतात. रात्री शेवभाजी आहेच.

घरात शिरण्याआधी पायमोजे आणि विजारी अंगणातच काढा. कुसळं झटकून निघत नाहीत, एकेक बोटाने ओढावी लागतात, आणि धुण्यात गेली तर घरातल्या सगळ्यांच्या कपड्यांत शिरतात. मुलांच्या कानामागे, काखेत, गुडघ्याच्या मागे गोचीड चिकटली आहे का, तेही दिव्याखाली नीट बघा.